फोन घेताना भाषेचा भाव कोण विचारतो?

आमच्या कवठे येमाईत मोबाइलबद्दल मत नसलेला माणूस सापडणं अवघड आहे. कोणत्या कंपनीची बॅटरी दोन दिवस टिकते, कुणाचा फोन उन्हात तापून बंद पडतो, कुणाचा आवाज ट्रॅक्टर चालू असतानाही ऐकू येतो, डिस्प्ले फुटला तर कोणत्या कंपनीचा स्वस्तात बसतो, हे सगळं चहाच्या टपरीवर फुकटात कळतं. ही मतं हलक्यात घेण्यासारखी नाहीत. कांद्याची पट्टी हातात आल्यावर त्यातून दहा-बारा हजार रुपये बाजूला काढणारा माणूस चार जणांना विचारूनच फोन घेतो. त्याचं मत पैसे मोजून तयार झालेलं असतं.

पण या सगळ्या चर्चेत एक प्रश्न मला ऐकू येत नाही. "या फोनवर माझी भाषा नीट चालते का?" हे कुणी विचारत नाही. दुकानदार सांगत नाही, आणि आपणही त्याबद्दल कधी भांडत नाही. स्पीकर फाटका निघाला तर आपण दुसऱ्याच दिवशी फोन परत घेऊन जातो. भाषा मोडकी निघाली तर मात्र निमूट वापरतो. उलट "मलाच येत नसेल" म्हणून स्वतःलाच कमी लेखतो.

माझं म्हणणं साधं आहे. भाषा हा फोनचा एक भाग आहे, कॅमेऱ्यासारखाच. तिचे पैसे आपण मोजलेले आहेत. ती नीट चालली पाहिजे, असं म्हणणं ही भाषाप्रेमाची घोषणा नाही. ती गिऱ्हाइकाची साधी तक्रार आहे. आणि आपल्या मराठी मुसलमानांच्या घरांत ही तक्रार दुप्पट आहे, कारण आपल्याला दोन लिप्या सांभाळायच्या आहेत.

एक माणूस, एक भाषा?

फोन पहिल्यांदा सुरू केला की तो विचारतो, भाषा निवडा. दुकानातला पोरगा बहुतेक वेळा आपल्याला न विचारताच इंग्रजीवर बोट ठेवतो. फारच चौकस असला तर गिऱ्हाइकाचं नाव ऐकून ठरवतो. नाव शेख किंवा तांबोळी असलं, की हिंदी किंवा उर्दू. मराठी त्याच्या मनातही येत नाही.

इथली वस्तुस्थिती वेगळी आहे. आमच्या भागातल्या कितीतरी मुस्लिम घरांत चुलीपाशी दखनी वळणाची बोली असते, मदरशात अरबी-उर्दू असते आणि शेतात, बाजारात, ग्रामपंचायतीत मराठी असते. दखनीतला 'नक्को' तर सरळ मराठीतल्या 'नको'वरून आला आहे. याच कवठे येमाईचे बी. के. मोमीन कवठेकर, म्हणजे बशीर कमरुद्दीन मोमीन, यांनी आयुष्यभर मराठीत लावण्या आणि वगनाट्यं लिहिली. राज्य शासनाचा २०१८ सालचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. २०२१ मध्ये ते गेले. अशा गावात मुसलमानाच्या फोनवर मराठी असणार नाही हे गृहीत धरणं म्हणजे गावच न ओळखणं.

फोनवर दोन-तीन भाषांचे कीबोर्ड एकाच वेळी ठेवता येतात. ते बदलायला एक बटण पुरतं. ही सोय आधीपासून आहे, पण ती दाखवून देणारं कुणी नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने आठ भारतीय भाषांत बोलून टाइप करण्याची सोय वाढवली. त्यांत मराठी होती आणि उर्दूही होती. चांगल्याला चांगलं म्हटलं पाहिजे. जिला लिहायला जमत नाही अशी आई आता शाळेतल्या शिक्षकाला बोलून निरोप धाडू शकते. अडचण येते ती दखनीची. उर्दू निवडली तर यंत्राला किताबी उर्दू हवी असते आणि मराठी निवडली तर पुस्तकी मराठी. मधली बोली त्याच्या हाताला लागत नाही. घरात बोलतो तसं बोललं की अर्धं वाक्य भलतंच उमटतं, आणि पुढच्या वेळी आई मुलालाच फोन लावायला सांगते.

नस्तालीक: मागितलं म्हणून मिळालं

उर्दू न येणाऱ्या वाचकांसाठी थोडं सांगतो. उर्दूची अक्षरं मुख्यतः दोन वळणांत लिहिली जातात. एक नस्ख. हे सरळ ओळीत बसणारं वळण अरबी पुस्तकांत दिसतं. दुसरं नस्तालीक. यात शब्द उजवीकडून डावीकडे उतरत येतो, जणू ओळीवर तिरका टांगलेला असतो. बालभारतीची उर्दू पुस्तकं, उर्दू वर्तमानपत्रं, लग्नपत्रिका सगळं नस्तालीकमध्ये असतं. उर्दू वाचणाऱ्याचा डोळा या वळणावरच तयार होतो.

हे वळण यंत्रात बसवणं महाकठीण. प्रत्येक अक्षराचं रूप शेजाऱ्यानुसार बदलतं, त्याची उंचीही बदलते. म्हणून मराठी वर्तमानपत्रं खिळे जुळवून छापली जात होती तेव्हा उर्दू वर्तमानपत्रं कातिब हाताने लिहीत होते. चेन्नईचं १९२७ मध्ये सुरू झालेलं 'मुसलमान' हे दैनिक तर या शतकातही हाताने लिहिलं जात राहिलं. १९८१ मध्ये पाकिस्तानातले मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीच्या मदतीने 'नूरी नस्तालीक' तयार केलं. त्यासाठी अक्षरांचे सुमारे २०,००० जोड हाताने काढावे लागले. 'जंग' हे दैनिक त्यावर निघू लागलं. मग १९९४ मध्ये दिल्लीच्या कन्सेप्ट सॉफ्टवेअरचं 'इनपेज' आलं आणि उर्दू छपाईचं बहुतेक काम त्यावर गेलं.

म्हणजे कागदावरचा प्रश्न सुटला. तेवढ्यात मोबाइल आला आणि गाडी पुन्हा मागे गेली. फोनवर उर्दू दिसू लागली ती नस्खमध्ये. जगभरच्या उर्दूवाल्यांनी तक्रारी केल्या, कंपन्यांना उघड पत्रं लिहिली. २०१४ मध्ये गूगलने 'नोटो नस्तालीक उर्दू' हा फॉन्ट फुकट उपलब्ध करून दिला. २०१७ मध्ये ॲपलने आयफोनमध्ये उर्दूसाठी नस्तालीक दिलं. हे कंपन्यांना आपणहून सुचलं नव्हतं. लोक वर्षानुवर्षं मागत राहिले, तेव्हा ते मिळालं.

तरीही बहुतेक अँड्रॉइड फोनवर उर्दू मजकूर आजही नस्खमध्येच दिसतो. फॉन्ट तयार आहे, फुकट आहे, तो गूगलनेच दिला आहे आणि अँड्रॉइडही गूगलचंच आहे. आमच्या गावातले बहुतेक फोन अँड्रॉइड. याचा व्यवहारातला अर्थ असा निघतो की उर्दू तिच्या स्वतःच्या रूपात वाचायची असेल तर महागडा फोन घ्या. एका फॉन्टची किंमत गिऱ्हाइकाने पन्नास-साठ हजारांत का मोजावी?

यात पोरांचं नुकसान कसं होतं ते रोज वर्गात दिसतं. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. तिसरी-चौथीचं मूल अक्षर जुळवून वाचण्याच्या पुढे गेलेलं असतं. ते शब्दाचा आकार पाहून वाचतं. पुस्तकात सहज वाचणारं मूल फोनवर अडखळतं, कारण शब्द तोच असला तरी आकार वेगळा असतो. दोन-चार वेळा अडखळलं की ते रोमनकडे वळतं. रोमनमध्ये ज़ाल, ज़े, ज़ाद आणि ज़ोय ही चारही अक्षरं एकाच 'झेड'मध्ये जातात. मग वहीत इमला चुकतो. आपण म्हणतो, पोरांना उर्दूची गोडी राहिली नाही. गोडी आहे, पण त्यांच्या हातातलं यंत्र त्यांना दुसरीकडे ढकलतं.

मराठीही सुखात नाही

वाटेल की मराठीचं तरी बरं आहे. राज्याची भाषा आहे, पाठीशी शासन आहे. पण 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द फोनवर लिहून पाहा. पहिला समुद्र, फारसीतून मराठीत आलेला. दुसऱ्या डोंगरातल्या दऱ्या. फरक फक्त 'र'च्या रूपाचा. किंवा 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' लिहा. पहिले शिकवणारे, दुसरे स्वयंपाक करणारे. यासाठी लागणारा 'ऱ' कित्येक कीबोर्डवर समोर नसतो. 'र' दाबून धरला तर कुठंतरी सापडतो. हे ज्याला माहीत नाही तो समुद्रच लिहितो. हिंदीला हा 'ऱ' लागत नाही. देवनागरी म्हणजे हिंदी असं धरून बनवलेल्या वस्तूत मराठीची अशी गैरसोय होणारच.

'ल' आणि 'श'चंही तेच. पाठ्यपुस्तकात मूल मराठी वळणाचा 'ल' गिरवतं आणि फोनवर हिंदी वळणाचा पाहतं. शासनाने २००९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये मराठी वर्णमालेबद्दल निर्णय काढले. पण शासन निर्णय शाळेपर्यंत येतो, फोन बनवणाऱ्यापर्यंत जातोच असं नाही.

खंत अशी की हे काम करणारी माणसं आपल्या जिल्ह्यातच होती. भारतीय भाषांसाठी संगणकाचं मोठं काम करणारी सी-डॅक ही संस्था १९८८ मध्ये पुण्यात सुरू झाली. 'श्रीलिपी' बनवणारी मॉड्युलर इन्फोटेक पुण्याचीच. मराठी पुस्तकं आणि वर्तमानपत्रं संगणकावर आणण्यात दोघांचा वाटा मोठा आहे. त्या काळात प्रत्येक फॉन्टची आतली मांडणी वेगळी असायची. तोच फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसेल तर मजकुराच्या जागी खुणांचा चिवडा दिसायचा. युनिकोडने हा प्रश्न मुळात सोडवला आहे. तरी आजही एखाद्या कार्यालयातून आलेली फाइल उघडावी तर तोच चिवडा समोर येतो, आणि शिक्षक अख्खं परिपत्रक पुन्हा टाइप करत बसतो.

आपल्या शिरूर तालुक्यातल्या रांजणगावात एलजीचा मोठा कारखाना आहे. तिथं टीव्ही, फ्रीज बनतात. या औद्योगिक वसाहतीत आसपासच्या गावांतली पोरं कामाला जातात. वस्तू बनवण्यात आपले हात आहेत. पण दुकानात जा आणि कुठल्याही कंपनीचं वॉशिंग मशीन पाहा, बटणांवर मराठी शोधून सापडत नाही.

नावाचा घोळ

भाषा मोडकी असली तर काय बिघडतं, असं वाटत असेल तर शाळेच्या जनरल रजिस्टरपाशी येऊन बसा. आजकाल कितीतरी अर्जांवर नाव आधी इंग्रजीत भरलं जातं आणि मराठी नाव सॉफ्टवेअर स्वतः तयार करतं. इंग्रजीतून 'अत्तार' लिहिलं की यंत्र 'अत्तर' करतं. 'आयशा'ची 'आयेशा' होते. 'सय्यद'चा 'सईद' होतो. आपली नावं अरबी-फारसीतून आलेली, इंग्रजीत त्यांचं एकच असं स्पेलिंग नाही, त्यामुळे हा घोळ आपल्याकडे जास्त. भरणारा घाईत असतो, पालकाला वाचता येत नसतं, आणि बटण दाबलं जातं.

पुढे दाखल्यावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, बँकेत तिसरं. शिष्यवृत्तीचे पैसे अडकतात. मग प्रतिज्ञापत्र करा, शिरूरला हेलपाटे मारा, दिवसाची मजुरी बुडवा. काना एका सॉफ्टवेअरने खाल्ला आणि त्याची किंमत मजुरी करणारी बाई भरते. नाव नीट लिहिलं जाणं ही कागदपत्रांच्या काळात चैनीची गोष्ट राहिलेली नाही.

न वाचता दिलेला होकार

याहून गंभीर गोष्ट होकाराची आहे. फोनवर कोणतंही ॲप उघडा, ते परवानगी मागतं. संपर्क पाहू द्या, फोटो पाहू द्या, ठिकाण कळू द्या. मजकूर इंग्रजी, खाली दोन बटणं. लोकांनी एवढंच शिकून घेतलंय की पुढे जायचं असेल तर अमुक बटण दाबायचं. कर्ज देणाऱ्या ॲपवरही असंच बटण दाबलं जातं. व्याज किती, दंड किती, हप्ता चुकला तर कुणाकुणाला फोन जाणार, हे समजण्याआधी होकार गेलेला असतो. कायद्याच्या भाषेत ही संमती. आपल्या भाषेत याला संमती म्हणत नाहीत. ज्या दीनमध्ये निकाहसुद्धा 'कुबूल है' म्हटल्याशिवाय होत नाही, त्या समाजाने न समजता दिलेला होकार इतका सहज का मान्य करावा?

यावर कायदा आपल्या बाजूने आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तरतूद आहे की माहिती घेण्याची सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय दिला पाहिजे. त्या अनुसूचीत मराठी आहे आणि उर्दूही आहे. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार कर्जाच्या मुख्य अटींचं पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत असायला हवं. म्हणजे मागणी करायला आधार आहे. मागणी करणारं गिऱ्हाईक नाही.

"इंग्रजी शिका, प्रश्न मिटेल"

हे उत्तर मला नेहमी मिळतं, आणि सर्वांत जास्त आपल्याच शिकलेल्या लोकांकडून. मुलांनी इंग्रजी शिकावीच. मीही वर्गात हेच सांगतो. पण फोन फक्त मुलं वापरत नाहीत. साठीतली आजी वापरते, ऊसतोडीला आलेला बाप वापरतो. त्यांनी आता इंग्रजी शिकून मग गॅस बुक करायचा का? राज्य शासनाचं ई-पीक पाहणीचं ॲप २०२१ मध्ये मराठीत आलं, आणि सातवी शिकलेला शेतकरीही बांधावर उभा राहून पिकाची नोंद करू लागला. त्या ॲपबद्दल इतर तक्रारी असतील, पण "मला वाचता येत नाही" ही तक्रार तरी राहिली नाही.

दुसरं उत्तर असतं की आपण थोडे, कंपनी आपल्यासाठी का बदलेल? मराठी बोलणारे २०११ च्या जनगणनेत आठ कोटींहून जास्त होते. उर्दू मातृभाषा सांगणारे पाच कोटींहून जास्त. ही संख्या थोडी नाही. थोडं आहे ते आपलं मागणं. ज्या गोष्टीसाठी गिऱ्हाईक दुकान बदलतो ती गोष्ट कंपनी सुधारते. दोन सिमची सोय, मोठी बॅटरी, मोठा आवाज हे सगळं भारतीय गिऱ्हाइकाने मागून घेतलं. भाषेसाठी आपण एकदाही दुकान बदललं नाही.

मग करायचं काय?

फार मोठं काही नाही. नवीन फोन दाखवायला सांगाल तेव्हा दुकानदाराला मराठी आणि उर्दू दोन्ही कीबोर्ड सुरू करून द्यायला सांगा. त्याला येत नसेल तर तो शिकेल, गिऱ्हाइकासाठी सगळे शिकतात. एखादं ॲप मराठीत नसेल, तर त्याच्या पानावर तारे देताना तसं मराठीतच लिहा. नस्तालीक नसेल तर उर्दूत लिहा. ज्या अर्जावर यंत्राने नाव लिहिलंय तो 'सबमिट' करण्याआधी पालकाला मोठ्याने वाचून दाखवायची सवय नोंदणी केंद्रावरच्या आपल्या पोरांना लावा. बहुतेक केंद्रांवर आपल्याच गावची मुलं बसलेली असतात. कर्जाच्या अटी मराठीत मागा, आणि मिळाल्या नाहीत तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. आणि घरातल्या मुलांशी रोमनमध्ये न लिहिता त्यांच्या लिपीत लिहा, भले एक ओळ का होईना.

मशिदीच्या आणि देवळाच्या पारावर फोनवर चर्चा होतच राहणार, व्हायलाही हवी. बॅटरी विचारून झाली, कॅमेरा पाहून झाला, की दुकानदाराला एवढंच सांगा: आता माझ्या आजीचं नाव मराठीत लिहून दाखव, आणि खाली उर्दूत. दोन्ही नीट दिसलं तर पैसे मोजा. नाही दिसलं तर दुसरा फोन काढायला सांगा.